इतिवृत्ताला लावलेली तीट

रोडीना मॅकफीने सव्वीस वर्षांत विकासावर स्वतःचं असं एक अक्षर लिहिलं नाही. पण आमच्या विभागात विकासावर जे काही बोललं गेलं, ते सगळं तिच्याच हातून लिहिलं गेलं. ती विभागाची चिटणीस होती. सभा भरली की ती टेबलाच्या टोकाला बसायची, चष्मा नाकावर ओढायची आणि लिहायला लागायची. सभेत तिला बोलायचा अधिकार नव्हता. तो नियमही तिनेच एकदा टाइप केला होता.

विभागाचं नाव आंतरराष्ट्रीय विकास विभाग. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर केल्टन नावाचं गाव, आणि त्याच्या टेकडीवर आमचं विद्यापीठ. मी तिथे गेली एकोणीस वर्षं हंगामी शिकवते. एप्रिलमध्ये माझी नेमणूक संपते आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा होते, मधल्या काळात मी अस्तित्वात नसते. मला स्वतंत्र खोली नाही, म्हणून झेरॉक्स मशीनशेजारी, रोडीनाच्या टेबलासमोर माझं टेबल. तिथून विभाग जसा दिसतो तसा प्राध्यापकांच्या खोल्यांतून दिसत नाही.

विभागात दोन पक्ष होते. एका पक्षाचे पुढारी हॉलिस ट्रास्क. उंच, वाकलेले, कोपराला चामडं लावलेला कोट. विकास ही कल्पनाच टाकून द्या, असं म्हणणारी चार पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत. दुसऱ्या पक्षाच्या कॅमिल थिबोडो. कल्पना चांगली आहे, राबवणारे नालायक आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांचीही पुस्तकं चारच, म्हणून लढाई बरोबरीची चालायची.

"विकास हा शब्दच चोर आहे," हॉलिस म्हणायचे. "माणूस सकाळी उठून मासे मारायला निघालेला असतो. आपण अविकसित आहोत हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नसतं. आधी तुम्ही त्याला ते पटवता, मग त्यावरचं औषध त्याच्या गळ्यात मारता."

"डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बाईला जाऊन सांग हे," कॅमिल म्हणायच्या. "हंडा तुझ्याच डोक्यावर ठेवील ती."

"ती नळ मागते. विकास नाही मागत."

"नळ आला की त्यालाच विकास म्हणतात, हॉलिस!"

"छे! नळाबरोबर जो सल्लागार येतो, त्याला म्हणतात."

हे ऐकायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. दोघांचंही मला पटायचं, त्या त्या दिवशी. रोडीना मात्र सभा संपली की कागद गोळा करताना हळूच म्हणायची, "तिसऱ्या मजल्यावरचा नळ चार वर्षं गळतोय. त्याचा विकास करायचा की टाकून द्यायचा, हे ठरलं का गं काही?"

वाद चालला होता तो विभागाच्या नावावरून. 'विकास' हा शब्द पाटीवर नको, असा ठराव हॉलिस दरवर्षी फेब्रुवारीत मांडायचे. दरवर्षी तो एक-दोन मतांनी मंजूर व्हायचा. आता तुम्ही विचाराल, मग नाव बदललं का नाही? आमच्याकडचा नियम असा की फेब्रुवारीच्या सभेचं इतिवृत्त मार्चच्या सभेत मंजूर झाल्याशिवाय ठराव वर जात नाही. आणि मार्चअखेर वर गेला नाही तर तो बाद, पुढच्या वर्षी पहिल्यापासून. मार्चची सभा एक वाजता. दोन वाजता अर्ध्यांचे तास. दोन वाजले की माणसं उठतात, गणसंख्या मोडते, सभा संपते.

आणि सलग सहा वर्षं मार्चच्या सभेत इतिवृत्त मंजूर झालंच नव्हतं.

पहिल्या वर्षी चूक खरीच झाली होती. हॉलिसचं एक वाक्य रोडीनाने कॅमिलच्या नावावर लिहिलं. दोघं असे भांडले की दोन कधी वाजले कळलं नाही. हॉलिसना वाक्य परत हवं होतं, आणि कॅमिलना ते मुळीच नको होतं, पण आपण असं बोलूच शकत नाही हे सिद्ध करायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. रोडीनाने त्या दिवशी घड्याळाकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं, आणि एक गोष्ट मनात नोंदवून ठेवली.

त्याच सुमारास डीनसाहेबांचं पत्र आलं होतं. नाव बदललं की जुना विभाग कागदोपत्री संपणार, नवा विभाग दोन शेजाऱ्यांत विलीन होणार, आणि चिटणीसाची जागा 'एकत्रित सेवा केंद्रा'त जाणार. हे केंद्र विद्यापीठाच्या दुसऱ्या आवारात, नव्वद किलोमीटरवर. पत्र सगळ्यांना मिळालं होतं. रोडीनाने स्वतः प्रती काढल्या होत्या.

रोडीनाचे वडील अँगस तेव्हा पंचाऐंशीचे होते. घर टेकडीखाली, चालत सात मिनिटांवर. रोज बाराच्या ठोक्याला ती उठायची, घरी जाऊन त्यांना जेवू घालायची, त्यांची पायपट्टी बदलायची, आणि एकच्या आत टेबलावर हजर. नव्वद किलोमीटरवरून हे होणार नव्हतं. एक तर नोकरी सोडायची, नाहीतर बापाला वृद्धाश्रमात टाकायचं. आणि वृद्धाश्रमाचं नाव काढलं की अँगस जेवण सोडायचे.

तिने हे दोघांनाही सांगितलं होतं. हॉलिस फार कळवळले. "हे बाजारू धोरण आहे, रोडीना. याला तत्त्वतः विरोध झालाच पाहिजे," असं म्हणून त्यांनी एका निषेधपत्रावर सही केली. पण नावाचा प्रश्न वेगळा आहे म्हणाले. कॅमिलनी तिचा हात हातात घेतला. नावाचा प्रश्न वेगळा आहे, असं त्यांनाही वाटत होतं. या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं, आणि ते कुठल्याही इतिवृत्तात नाही.

तेव्हा रोडीनाने आपला मार्ग काढला. एका मार्चमध्ये माझ्यासमोरच तिने अख्खं इतिवृत्त टाइप केलं, तीनदा वाचलं, आणि मग सावकाश एका जागी जाऊन बिघडवलं. 'प्रा. ट्रास्क अंशतः सहमत झाले,' असं तिने घातलं.

"अगं, हे काय केलंस?" मी विचारलं. "ते कधी सहमत झाले?"

"गप बस, पोरी. बघ आता."

सभेत हॉलिस जांभळे झाले. "मी एकोणीसशे चौऱ्याण्णवपासून कुणाशीही अंशतः सहमत झालेलो नाही!" दोन वाजले. सभा संपली.

त्या दिवशी मी तिला सांगितलं, आमच्याकडे गोंडस बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काळी तीट लावतात. तिला ती कल्पना इतकी आवडली की दरवर्षी मार्च जवळ आला की ती विचारायची, "यंदा तीट कुठे लावू गं?" एका वर्षी हजेरीत कॅमिलचं नाव हॉलिसच्या आधी घातलं. एका वर्षी हॉलिसच्या पुस्तकाचं वर्ष एकाने पुढे नेलं, म्हणजे कॅमिलचं पुस्तक आधीचं ठरलं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा. तीट इवलीशी असायची आणि दोघं विद्वान तासभर तिच्याकडेच बघत बसायचे. एवढे शिकलेले लोक, जगाच्या दारिद्र्यावर बोलणारे, स्वतःचं नाव कुठे छापलंय ते बघायला असे तुटून पडायचे की मला कधी हसू यायचं, कधी संताप.

मग सातव्या वर्षी नवे विभागप्रमुख आले. ग्रॅहम प्राइस. तरुण, नम्र, पायात लोकरी मोजे. त्यांनी पहिल्याच पत्रात लिहिलं की आपण जगाला लोकसहभाग शिकवतो आणि आपल्याच सभेत सगळे बोलत नाहीत. यापुढे प्रत्येक सभेची पहिली दहा मिनिटं 'न ऐकलेल्या आवाजा'साठी. फेब्रुवारीचा न ऐकलेला आवाज म्हणून कार्यक्रमपत्रिकेवर रोडीनाचं नाव छापून आलं. पत्रिका तिनेच छापली, तेव्हा तिला कळलं.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ग्रॅहम हसून म्हणाले. "आम्हाला तुझा अनुभव हवाय. समाजातला. मातीतला."

ती बोलणार म्हणजे लिहिणार कोण? ते काम माझ्याकडे आलं.

फेब्रुवारीची सभा. बाहेर बर्फाचा ढीग साचलेला. रोडीनाने नेहमीप्रमाणे घरून ओटकेक करून आणले होते, ओटच्या पिठाचे, जाड, खारट-गोड, तिच्या केप ब्रेटन बेटावर करतात तसे. डबा फिरवला आणि ती उभी राहिली. हातात कागद नव्हता.

"मी केप ब्रेटनची," ती म्हणाली. "लॉर्न बे. आमच्या गावात अर्धी वस्ती मॅकफी, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. माझ्या बाबांना घड्याळ्या अँगस म्हणतात. का म्हणतात ते सांगते. मी सहा वर्षांची होते. राजधानीतून माणसं आली. चर्चच्या हॉलमध्ये सभा घेतली. म्हणाले, हा भाग मागे राहिलाय, तुम्हाला काय हवं ते सांगा. माझे बाबा उठले. आधी कधी सभेत बोलले नव्हते. म्हणाले, आम्हाला बंदरात दगडी बांध हवा. दर पानगळीत वादळ येतं आणि होड्या फुटतात. बांध घाला, बाकी मासे-शेवंडं आम्ही धरतो. दहा मिनिटं बोलले. किती लांबीचा, कुठल्या दिशेचा, दगड कुठल्या टेकडीचा, सगळं सांगितलं. एक माणूस मान हलवत होता.

"दोन वर्षांनी गावात कारखाना आला. भिंतीवरच्या घड्याळांचा. घड्याळं का? कुणाला माहीत. बाबांना पांढरा कोट दिला. जाळी विणणारी बोटं त्यांची, त्या बोटांत केसाएवढे स्क्रू. चार वर्षांत कारखाना बंद पडला. म्हणाले, इथल्या लोकांना कामाची शिस्त नाही. मधल्या काळात लोकांनी होड्या विकल्या होत्या. ज्यांनी विकल्या नव्हत्या, त्यांच्या वादळाने फोडल्या.

"मी इथे कामाला लागल्यावर एकदा ग्रंथालयात त्या सभेचं इतिवृत्त शोधलं. सापडलं. माझ्या बाबांचं बोलणं त्यात नाही. 'स्थानिक लोकांनी रोजगाराची इच्छा व्यक्त केली,' असं आहे. आणि शेवटी आहे, 'चहाबद्दल महिलांचे आभार.' त्या महिलांत माझी आई होती. एवढंच. बाबा अजून विचारतात, त्यांनी लिहून घेतलं नव्हतं का गं? एक्क्याण्णव वर्षांचे आहेत. मी म्हणते, घेतलं असेल, हरवलं असेल."

ती खाली बसली. मग टाळ्या. हॉलिसनी चष्मा काढून पुसला, खरंच पुसला, डोळे ओले होते त्यांचे. कॅमिल उठून तिच्या गळ्यात पडल्या. मग दोघांनी खिशातून आपापल्या वह्या काढल्या आणि भराभर लिहायला लागले.

"हेच, हेच मी तीस वर्षं सांगतोय!" हॉलिस म्हणाले. "तिथे विकास नावाचा प्राणी आलाच नसता तर होड्या राहिल्या असत्या."

"काय बोलतोस! बांध घातला असता तर?" कॅमिल म्हणाल्या. "बांध म्हणजे विकासच. चुकीचा विकास केला त्यांनी."

"रोडीना, हे मला एका लेखात वापरता येईल ना? नाव बदलून?"

"मलाही विचारायचंच होतं," कॅमिल म्हणाल्या.

रोडीनाने दोघांनाही होकाराची मान डोलावली. मग ठराव आला, नऊ विरुद्ध सात मतांनी मंजूर झाला.

मी त्या आठवड्यात इतिवृत्त लिहिलं. तिचं बोलणं पानभर, शब्दाला शब्द. ते घेऊन ग्रॅहमकडे गेले. त्यांनी वाचलं, छातीवर हात ठेवला. "फार सुंदर. पण इतिवृत्त म्हणजे निर्णय. हा काही ठराव नव्हता. थोडं आटोपशीर करशील?" माझी नेमणूक एप्रिलमध्ये संपते हे मी वर सांगितलंच आहे. मी हो म्हणून बाहेर आले.

आणि जिना उतरताना मला सुचलं. लाज वाटायची ती बाजूलाच राहिली, मला आनंद झाला. आटोपशीर कशाला? सगळंच काढायचं. हीच यंदाची तीट! ज्या बोलण्यावर दोघं रडले, ज्यावरून भांडले, तेच इतिवृत्तात नाही म्हटल्यावर दोघं छत डोक्यावर घेतील. दोन काय, चार वाजतील.

रोडीनाला सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम थांबवलं नाही. झेरॉक्स मशीनचा कागद बदलत होती.

"पोरी, तीट लावायला हीच जागा सापडली होय तुला?"

"अगं, रडले होते दोघं!"

"रडले होते खरे." तिने ट्रे आत ढकलला. "मग एक कर. शेवटी लिही, 'चहा-बिस्किटांबद्दल श्रीमती मॅकफी यांचे आभार.' बाबांच्या त्या सभेच्या कागदावर होतं तसंच. म्हणजे आंधळ्यालाही दिसेल."

मी तसं लिहिलं.

मार्चची सभा. रोडीना आपल्या जागी, टेबलाच्या टोकाला, चष्मा नाकावर. बाराला घरी जाऊन आली होती. आल्या आल्या मला म्हणाली, "बाबा आज नीट जेवले." एक वाजून पाच मिनिटांनी ग्रॅहम म्हणाले, "मागच्या सभेचं इतिवृत्त. काही दुरुस्त्या?"

कागदांची सळसळ. कॅमिल बोट फिरवत आपलं नाव शोधत होत्या. सापडलं, स्पेलिंग बरोबर होतं, त्यांनी कागद खाली ठेवला. हॉलिस पहिलं पान वाचत होते. पान उलटलं. थांबले. भुवया वर गेल्या.

"एक चूक आहे यात," ते म्हणाले.

टेबलाखालून मी रोडीनाच्या पायाला पाय लावला.

"दुसऱ्या पानावर, अगदी शेवटी. 'चहा-बिस्किटांबद्दल' असं लिहिलंय. ती बिस्किटं नव्हती. ओटकेक होते." त्यांनी रोडीनाकडे पाहून प्रेमाने मान लववली. "स्थानिक गोष्टीला तिच्या नावाने ओळखलं पाहिजे. आपणच ते केलं नाही तर कोण करणार?"

"अगदी बरोबर," कॅमिल म्हणाल्या.

सगळे हसले, छान हसले. ग्रॅहमनी विचारलं, "या दुरुस्तीसह मंजूर?" सगळे हात वर. एकमताने. सात वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत हॉलिस आणि कॅमिल यांचे हात एकत्र वर गेले होते.

मी तोंड उघडलं होतं. हंगामी शिक्षकाला सभेत बसता येतं, बोलता येत नाही, पण बोलायला काय झालं होतं मला? तोंड तसंच मिटून घेतलं. आजही ते आठवलं की माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटत नाही. त्यांनी मुद्दाम केलं असतं तर मी त्यांचा राग तरी केला असता. त्यांच्या वह्यांत सगळं होतं. स्वतःच्या वहीत असलेली गोष्ट इतिवृत्तात शोधायचं कुणाला सुचणार?

रोडीनाने पेन उचललं. 'बिस्किटे' या जागी 'ओटकेक' वाचावे, असं लिहिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "किती वाजले?"

"एक वाजून सात."

तिने वेळ लिहिली.

नाव बदललं. मे महिन्यात पाटी उतरवायला माणूस आला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा नळ त्याने जाता जाता दुरुस्त केला. पेन्शन पुरी व्हायला दोन वर्षं राहिली असताना रोडीनाने राजीनामा दिला. निरोपाला हॉलिस आणि कॅमिल दोघंही होते, दोघांचीही भाषणं सुंदर झाली. दोघांचे लेखही आले पुढे, वेगवेगळ्या नियतकालिकांत. एकात ती 'आर., वय त्रेसष्ट' आहे, दुसऱ्यात 'एक किनारी स्त्री'. ते एकमेकांचं खंडन करतात.

जूनमध्ये मी तिच्या घरी गेले. अँगस खिडकीशी बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी, समोर भिंतीवर त्यांच्याच हातचं घड्याळ, वीस मिनिटं मागे. रोडीना आत स्वयंपाकघरात होती. म्हाताऱ्याने मला जवळ बोलावलं.

"त्या दिवशी लिहायला तूच होतीस ना?"

"हो."

"माझ्या बांधाचं बोलली म्हणे पोरगी, मोठ्या लोकांत. लिहून घेतलंस?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तो म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"घेतलं, बाबा," आतून रोडीनाचा आवाज आला. "ओटकेकचंसुद्धा लिहून घेतलं. जेवा आता."